उजेड अडतोय जरा

सोनईच्या पंचक्रोशीत गेल्या पंचवीस वर्षांत जी लग्नं लागली त्यातली निम्मी माझ्यामुळं लागली, असं मी म्हणतो. उरलेली निम्मी मी नव्हतो म्हणून टिकली, असं माझी बायको म्हणते.

मी लग्नाचं शूटिंग करतो. मिक्सिंग, आल्बम, ड्रोन, सगळं. एकदा माझ्या ड्रोननं एका नवरदेवाचा फेटा उचलला आणि शेजारच्या मांडवातल्या नवरदेवाच्या डोक्यावर नेऊन ठेवला. त्या दुसऱ्याला तो इतका शोभला की पहिल्यानं परत मागितला नाही. एकदा भटजींना ऐन मंगलाष्टकात ठसका लागला, तेव्हा शेवटची दोन कडवी कॅमेऱ्यामागून मी म्हटली, आणि ते जोडपं अजून सुखात आहे. माझ्या हिशेबानं मी अकरा हजार लग्नं केली. बायकोच्या हिशेबानं नऊशे. खरा आकडा या दोघांच्या मधे कुठंतरी आहे, जरा माझ्याकडं सरकून बसलेला.

पण माझं नाव झालं ते ड्रोनमुळं नाही. ते झालं एका वाक्यामुळं.

हळद लावताना, ओटी भरताना फ्रेममध्ये सवाष्णीच पाहिजेत, हे आमच्याकडं कुणी ऑर्डर देताना लिहून देत नाही. पण एखादी विधवा बाई त्या फ्रेममध्ये आली आणि शूटिंगमध्ये तशीच राहिली, तर पुढं त्या घरात म्हैस आटली तरी लोक टीव्ही लावतात आणि स्क्रीनवर बोट ठेवतात. मग त्या बाईचंही काही खरं नाही आणि शूटिंगवाल्याचंही. दुसरे शूटिंगवाले सरळ ओरडायचे, ‘ए म्हातारे, हो बाजूला.’ बाई रडायची, भाऊबंद भांडायचे, जेवणाच्या पंगती उठायच्या. मी तसं कधीच केलं नाही. नवरीची एखादी आत्या माझ्याकडं बघून स्वतःच्या कुंकवावरून अंगठा फिरवायची, की मी समजायचो. मग कॅमेऱ्यामागून साखरेत घोळवलेल्या आवाजात म्हणायचो, ‘काकू, उजेड अडतोय जरा.’

‘व्हय का? सरकते बाबा,’ म्हणत ती बाई बाजूला व्हायची. वर मलाच म्हणायची, चुकलं हो. कुणाचा अपमान नाही, कुणाचा रुसवा नाही. पुढं पुढं आत्याला अंगठा फिरवायचीही गरज उरली नाही. मोकळं कपाळ मला शंभर फुटांवरून, ड्रोनमधून, ढगातून दिसायचं. लोक म्हणायचे, ‘ह्या मानसाला काय सांगावं लागत न्हाई.’ एवढ्या एका गोष्टीवर माझ्या तारखा दिवाळीआधीच भरायच्या.

मग ती तुर्कस्तानची बाई आली.

ती पुण्याला कुठल्याशा कलेच्या संस्थेत काही महिने राहायला आलेली. व्हिडिओ करते, पिक्चर करते, असं मला सांगितलं गेलं. म्हणजे आपल्याच धंद्यातली, असं मी धरून चाललो. बाहेरचा पाहुणा नगर जिल्ह्यात आला की त्याला हिवरे बाजारला नेतात, तसं तिलाही नेलं, आणि त्या भेटीचं शूटिंग माझ्याकडं होतं. सगळे बंधारा बघत होते आणि ही बाई मी ट्रायपॉड कसा लावतो ते बघत होती. पन्नाशीची, उंच, केस कापलेले, पायात पुरुषी बूट. ती तिच्या मोबाईलमध्ये तुर्कीत बोलायची, मग मोबाईलमधली बाई बातम्या दिल्यासारखं मराठी बोलायची.

मोबाईलमधल्या बाईनं मला पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘आपण जे कापून टाकता, ते आपण कुठे ठेवता?’

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. जे ठेवतो ते लोक बघतात. जे कापतो त्याची चौकशी कोण करणार? मी म्हणालो, जुन्या डिस्कवर पडलेलं असतं, सीझन आला की पुसतो. तिचा चेहरा असा झाला की जणू मी विहिरीत सोनं टाकतो म्हणालो.

आठवड्यानं ती बॅग घेऊन सोनईत हजर. उतरायची सोय मी माझ्या थोरल्या बहिणीकडं केली. आक्का एकटी. दाजी जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन नगरजवळ नागापूरला गेलेली. जावई तिथं कंपनीत. घरात दोन म्हशी आणि रिकामा पलंग. मॅडम पंधरा दिवस राहिल्या. त्यांच्या भाषेत थोरल्या बहिणीला अब्ला म्हणतात, म्हणून ती आक्काला अब्ला म्हणायची, आणि आक्का तिला ‘ए बया’. दोघींचं मोबाईलवाचून चालायचं. दुनिया, दुकान, पडदा, हवा, साबण, असे शब्द दोन्हीकडं सारखेच निघाले. आक्काच्या भाकरी ती पापड मोडावा तशा मोडून खायची आणि चहा मात्र बिनदुधाचा प्यायची. दोन म्हशींच्या घरात बिनदुधाचा चहा, हे आक्कानं फार मनाला लावून घेतलं.

तिची कहाणी तिनं मला तुकड्या-तुकड्यानं सांगितली. समुद्राकाठचं छोटं गाव. बाप जर्मनीत कारखान्यात, तिकडंच राहिलेला, दोन-चार वर्षांनी एकदा यायचा. पण तिकडं राहिलेल्या गाववाल्यांची लग्नं लागायची आणि त्यांच्या कॅसेटी गावी यायच्या. तिची आई शेजाऱ्यांकडून कॅसेट मागून आणायची. नवरा-नवरीकडं बघायचीच नाही. बँडवाल्यांच्या मागं, दाराच्या कडेला नवरा कुठं दिसतो का, ते बघायची आणि तिथं कॅसेट थांबवायची. ‘मी माझे वडील जास्त करून फ्रेमच्या काठावर पाहिले,’ मोबाईलमधली बाई म्हणाली. अर्धा खांदा, एक कान, सिगारेट धरलेला हात.

बाप गेल्यावर तिनं त्या सगळ्या कॅसेटी गोळा केल्या आणि पहिलं काम केलं ते त्यांच्या काठांचं. लग्नंच लग्नं, पण नवरी कुठंच नाही. मला तिनं लॅपटॉपवर दाखवलं. मी अर्धा तास बघून म्हणालो, मॅडम, असं काम मी गिऱ्हाइकाला दिलं तर मला मांडवाच्या खांबाला बांधतील. ती हसली. तिच्या दुसऱ्या एका पिक्चरमध्ये एक बाई पन्नास मिनिटं बसची वाट बघते. मी विचारलं, शेवटी बस येते का? ती म्हणाली, येते, पण ती बाई चढत नाही. मी म्हणालो, याला आमच्याकडं पिक्चर म्हणत नाहीत, एसटी स्टँड म्हणतात. असली कामं करून तिला जगभरातून बोलावणी येतात, आणि मी ड्रोन उडवून सोनईत. मला तेव्हा मनातून वाईटच वाटलं. तिच्याबद्दल, माझ्याबद्दल नाही.

मी तिला दुकानातला कॉम्प्युटर आणि जुनी डिस्क देऊन टाकली, बस म्हणालो बघत. तीन दिवस ती कानाला हेडफोन लावून बसली. चौथ्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. वहीत एकाखाली एक बत्तीस जागा लिहिलेल्या. मराठीचा गंध नाही, पण एक वाक्य पुन्हा पुन्हा येतंय, तेही एकाच माणसाच्या आवाजात, हे तिनं पकडलं होतं.

‘या वाक्याचा अर्थ काय आहे?’ मोबाईलमधली बाई.

‘उजेड अडतोय,’ मी म्हणालो. ‘लाईटीच्या मधे माणूस आलं की म्हणायचं.’

तिनं एक जागा काढून थांबवली. स्क्रीनवर बोट ठेवून मला दाखवलं. डावीकडं स्टँडवर माझा लाईट. उजवीकडं मागं मी सरकवलेली बाई, हातात हळदीची वाटी. मग दुसरी जागा. डावीकडं लाईट, उजवीकडं बाई. तिसरी. चौथी.

‘उजेड या बाजूने येतो. ही स्त्री त्या बाजूला आहे.’

मी माउस हातात घेऊन पाचवी जागा काढली, तिथंही तसंच. पंचवीस वर्षांत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. त्या बायकांच्याही नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

मग मी सगळं सांगितलं. अंगठा, कुंकू, म्हैस, सगळं. ती ओरडली नाही, उपदेश केला नाही. फक्त वहीतली एकतिसावी जागा काढली. ते लग्न नव्हतंच. ती आमची ग्रामसभा होती. विधवा प्रथा बंद, असा ठराव आमच्या गावानं एकमतानं हात वर करून केला, त्याचं शूटिंग मीच केलेलं. पाच विधवा बायकांना स्टेजवर बोलावून हळद-कुंकू लावायचं, पेढा भरवायचा, असा कार्यक्रम. पुढाऱ्याची बायको कुंकवाचं बोट पुढं करते, एक बाई लाजत-लाजत पुढं येते, आणि माझा आवाज येतो, ‘मावशी, उजेड अडतोय जरा.’ सवयीनं गेलं तोंडातून. ती बाई खाली उतरली, चार जणींचा सत्कार झाला. टाळ्या पडल्या.

बत्तिसावी जागा आक्काची होती. तिच्या मुलीची हळद.

ते लग्न मी मामा म्हणूनही केलं आणि शूटिंगवाला म्हणूनही. मंगलाष्टकांना भाचीच्या मागं उभा होतो तेव्हाही गळ्यात कॅमेरा होता. कन्यादान चुलता-चुलतीनं केलं. आक्का दोन दिवस कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांपाशी, हे काढा ते वाढा करत. फक्त हळदीला ती एकदा बाहेर आली.

मॅडमनं ती जागा मला दाखवली आणि काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी तिनं आक्काकडं गुपचूप जेवण केलं आणि आपलं ताट आपणच घासलं. आक्काला तिनंही सांगितलं नाही, मीही नाही. जाताना ती सगळ्या डिस्कची कॉपी घेऊन गेली. इंग्रजी कागदावर मी ऐटीत सही केली. त्यातलं मी फक्त माझं नाव वाचलं. मग सीझन आला आणि मी रिवाजाप्रमाणं मूळ डिस्क पुसली.

वर्षभरानं तिचा व्हिडिओ आला. इस्तंबूलमध्ये मोठी खोली, तीन भिंती, तिन्हींवर आमच्याकडच्या बायका. एका भिंतीच्या काठानं एक बाहेर जाते, मग दुसऱ्या भिंतीच्या काठानं दुसरी. जातात सगळ्या, येत कुणीच नाही. आणि खोलीभर माझा आवाज. काकू. मावशी. वहिनी. उजेड अडतोय जरा. खाली त्यांच्या लिपीत अर्थ. तिकडचे लोक भिंतीला टेकून उभे, देवळात उभे राहावेत तसे.

मी काय करावं? मी गावभर सांगितलं की माझा आवाज इस्तंबूलला गेला. स्थानिक पेपरात माझा फोटो आला. शाल-नारळ देऊन सत्कार झाला आणि भाषणात मी म्हणालो की तिथल्या समुद्रात जहाजं थांबतात माझा आवाज ऐकायला. लोकांनी टाळ्या दिल्या. तो आवाज तिथं म्हणतो काय, हे एकानंही विचारलं नाही.

एकीनं विचारलं. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी आक्का दुकानात आली, पायरीवर चप्पल काढली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

‘भाऊ, काय म्हनतो रं तुजा आवाज तितं?’

‘काय न्हाई गं. धंद्याचं बोलणं.’

‘जहाजं थांबत्यात म्हनालास. मंग मला बी आयकू दे की.’

मी लावलं. दुसरा इलाज नव्हता. ती चष्मा पुसून बघायला लागली. ‘ही तर बाजारतळावरली... ही शिंपीण... आगं बाई, ही तर मेली की गेल्या साली.’ सगळ्या ओळखीच्या. पाचवी-सहावी गेल्यावर ती बोलायची थांबली. मग भिंतीवर ती स्वतः आली, आणि गेली.

‘आक्का, मी मुद्दाम...’

‘गप. मला ठावं हुतं. समद्यांस्नी ठावं हुतं. उजेड कुटनं येतो आन कुटं पडतो ते बाईमानसाला कळत न्हाई व्हय रं? चुलीम्होरं जल्म गेला आमचा. पर तू ग्वाड बोलायचास, म्हनून सरकायचो. तेवढा तरी मान.’

मी मॅडमवर ढकलायचा प्रयत्न केला. म्हणालो, तिनं हे असं भिंतीवर लावायला नको होतं.

‘तिला बी सोडत न्हाई मी,’ आक्का म्हणाली. ‘पंदरा दिस माज्या हातचं खाल्लं. आब्ला आब्ला करत हुती. तिनं तरी कुटं इचारलं मला? तिकडं कोन कुटले लोक बघत्यात मला, आन माज्या पोरीच्या टीव्हीत मी न्हाई. चार तासाचं लगीन हाय त्ये, आन नवरीला आईच न्हाई.’ मग सरळ माझ्याकडं बघून म्हणाली, ‘एवडं एक कर. ह्यो तुकडा पोरीच्या शूटिंगात घाल. हाय तसा.’

बास, एवढंच मागणं. म्हाताऱ्या बाईनं भावाकडं नऊ सेकंद मागितले.

मी मॅडमला कळवलं, तिनं त्याच दिवशी मूळ तुकडा पाठवला. सोबत एक ओळ, मोबाईलमधल्या बाईच्या मराठीत : ‘अब्ला यांना न विचारणे ही माझी चूक आहे.’ मी ती आक्काला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘लई लवकर कळलं.’

ते नऊ सेकंद मी आता सांगतो, आणि यात मीठ-मिरची काही नाही. भाची पाटावर बसलेली, तोंड पिवळं. उजवीकडून आक्काचा हात येतो. चार बोटांवर हळद. बोटं गालापासून वीतभर लांब असताना माझा आवाज, ‘आक्का, उजेड अडतोय जरा.’ हात थांबतो. भाची मान वर करून आईकडं बघते, मग कॅमेऱ्याकडं, म्हणजे माझ्याकडं. हात मागं जातो. आक्का उजवीकडं निघून जाते.

मी भाचीला फोन केला. तिला सातवा लागलेला, आठ दिवसांवर ओटीभरण.

‘घाला मामा,’ ती म्हणाली. ‘पण आवाज काढून टाका. सासूबाई विचारतील कोण बोललं, का बोललं. आत्ता नको ना असलं काही. माझ्या पोटाचं काही झालं तर आईलाच बोलतील.’

पोरीचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिनं भीतीनं सांगितलं. मला मात्र ऐकून हायसं वाटलं. भाचीच्या सासरी, मोठ्या टीव्हीवर, माझ्याच आवाजात ते वाक्य वाजणार होतं, ते टळलं. मी कामाला लागलो आणि माझी सगळी कला पणाला लावली. आवाज काढला, सनई घातली. नऊ सेकंदांचे स्लो मोशन करून वीस केले. कडेनं झेंडूच्या पाकळ्या उडवल्या. बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते गोड झालं. पेन ड्राईव्ह नागापूरला पाठवला आणि आक्काला सांगितलं, घातलाय तुझा तुकडा.

‘हाय तसा?’

‘व्हय,’ मी म्हणालो. आयुष्यात मी ज्या थापा मारल्या त्यात ही सगळ्यात छोटी.

ओटीभरणाला आम्ही नागापूरला गेलो. आक्का आत भाजी निवडत होती. बाहेर जावयानं कौतुकानं टीव्ही लावला. घर माणसांनी भरलेलं. हळद आली, सनई आली, आणि आक्काचा हात आला. मी मोठ्यानं म्हणालो, ‘आक्का, ये की बाहेर!’ ती पदराला हात पुसत दारात आली.

स्क्रीनवर हात पुढं आला, थांबला, पाकळ्या उडाल्या, आणि ती सावकाश, सनईच्या तालावर, मुलीकडं पाठ करून निघून गेली.

विहीणबाई हसल्या. मनानं वाईट बाई नाही ती. ‘आवो, पोरीला हळद लावायची सोडून कुठं निगाल्या तुमी? एवडी कसली घाई हुती?’

सगळे हसले. भाचीनं मान खाली घातली. मी टीव्हीकडं बघत राहिलो. आक्का म्हणाली, ‘भात लागला असंल वो,’ आणि आत गेली.

परत येताना गाडीत ती मागं बसली. घोडेगाव मागं पडलं. मग म्हणाली, ‘आदी मी त्यात नव्हते, तवा बरं हुतं. न्हाई म्हनल्यावर मानूस इचारतं तरी, आई कुटं हाय. आता कोन इचारनार? दिसतीय की. आपल्या पायानं चाललीय.’

दुसऱ्या दिवशी मी आवाज परत घालून नवा पेन ड्राईव्ह केला. भाची म्हणाली, ‘मामा, राहू द्या आता. नणंदेनं तो तुकडा स्टेटसला टाकला, सगळ्यांनी घेतलाय. फुलं आवडली त्यांना.’ नवा पेन ड्राईव्ह मी आक्काकडं घेऊन गेलो. तिनं तो हातातही घेतला नाही. म्हणाली, माज्याकडं कुटं टीव्ही हाय.

आता मी लग्नात ते वाक्य म्हणत नाही. त्यानं कुणाचं भलं झालं असं समजू नका. मी गप्प बसलो की एखादी आत्या उठते आणि स्वतःच त्या बाईला दंडाला धरून बाजूला करते. लोक म्हणतात, शूटिंगवाल्याचं पहिल्यासारखं लक्ष राहिलं नाही. माझ्या तारखा रिकाम्या पडतात. मॅडमच्या त्या भिंती इस्तंबूलहून दुसऱ्या देशात गेल्या, तिथून तिसऱ्या. आक्काला ज्यांनी पाहिलं, तिला कुणी घालवलं हे ज्यांना कळलं, त्यातल्या एकालाही सोनई कुठं आहे हे माहीत नाही.

आक्काशी भांडण झालेलं नाही. मी जातो, ती बसायला देते, दिवाळीला ओवाळतेही. फक्त ती मला आता भाऊ म्हणत नाही. परवा तिच्या दारात चार बायका बसल्या होत्या. मी गाडी लावली तशी ती उठली, पदर सारखा केला आणि अगदी हसून, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, ‘या शूटिंगवाले. चहा घेनार का?’

बायका हसल्या. मीही हसलो, आणि घेणार म्हणालो.